पंधरा मिनिटे कोणाची?

७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दौऱ्यावर होते. शेंद्र्यातल्या ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचा ऑरिक हॉल त्या दिवशी खुला झाला आणि त्याच दौऱ्यात ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांच्या महिलांचा राज्यस्तरीय मेळावाही भरला. एकीकडे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातले शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांचे नगर, दुसरीकडे गावोगावचे दहा-वीस बायकांचे गट. दोन्ही गोष्टी एका दिवशी आल्या हा योगायोग. पण सांघिक कामातल्या नियमित बैठकांचा आढावा घ्यायला बसले की या शहरात नजर पुन्हा पुन्हा याच दोन ठिकाणी जाते, कारखान्याकडे आणि बचत गटाकडे.

सॉफ्टवेअरच्या जगात ज्या पद्धतीला ‘ॲजाइल’ म्हणतात, तिचा कणा म्हणजे ठरल्या वेळी होणाऱ्या छोट्या बैठका. रोज पंधरा मिनिटांची ‘स्टँड-अप’, दर दोन आठवड्यांच्या सुरुवातीला नियोजन, शेवटी झालेले काम दाखवणे आणि त्यानंतर ‘रेट्रो’, म्हणजे काम करताना काय चुकले आणि काय जमले याची मोकळी चर्चा. छत्रपती संभाजीनगरचा तरुण हे बहुधा पुण्यात, हिंजवडीला नाहीतर खराडीला शिकतो. कोरोनानंतर अनेकजण सिडकोतल्या आपल्या घरी बसून लॅपटॉपवरच शिकले. ही अमेरिकेतून आलेली नवी रीत आहे, अशी त्याची समजूत होते. त्याचे वडील किंवा काका वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या एखाद्या लाइनवर वर्षानुवर्षे रोज सकाळी अशाच बैठकीत उभे राहिलेले असतात. मावशी गावाकडे बचत गटाच्या रजिस्टरवर दर आठवड्याला सही करत असते. एकाच घरातल्या तिघांच्या या तीन बैठका, आणि तिघांचे त्यावर आपसांत कधी बोलणे होत नाही.

या तिन्ही बैठकांकडे एकत्र पाहिले की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याचे काम अडले आहे त्याला ते बैठकीत सांगता येते का, आणि सांगितल्यावर कोणी ते सोडवायला उठतो का, यावर बैठकीचे सगळे यश अवलंबून असते. वेळ, फळा, सॉफ्टवेअर, खुर्च्या काढणे हे सगळे त्यानंतरचे.

आधी इतिहास, कारण तो या शहराच्या जवळून जातो. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवे उत्पादन इतक्या लवकर बाजारात कसे आणतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे की तिथे काम एका विभागाकडून दुसऱ्याकडे फायलीसारखे सरकवले जात नाही. निरनिराळ्या कौशल्यांची माणसे एकाच चमूत पहिल्यापासून शेवटपर्यंत राहतात आणि आपले काम आपण आखतात. हा लेख वाचलेल्या जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझेल या अमेरिकी कंपनीत ‘स्क्रम’ची पद्धत, म्हणजे वर सांगितलेल्या बैठकांची चौकट, वापरायला सुरुवात केली. १९९५ मध्ये केन श्वेबर यांच्यासह त्यांनी ती जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ‘ॲजाइल जाहीरनामा’ लिहिला. म्हणजे जी गोष्ट आज सॉफ्टवेअरची म्हणून ओळखली जाते, तिच्या मुळाशी मोटारी, कॅमेरे आणि झेरॉक्स यंत्रे बनवणारे लोक आहेत.

आणि नेमक्या त्याच काळात वाळूजचे माळरान बदलत होते. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या आगेमागे अनुरंग जैन यांची एन्ड्युरन्स उभी राहिली, मग तरंग जैन यांची व्हेरॉक आली, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान वर्कशॉप्सचे जाळे पसरले. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. या कारखान्यांनी जपानची कार्यपद्धती अमेरिकेच्या वाटेने घेतली नाही. टीपीएम, कायझेन, फाइव्ह-एस, कानबान या नावांनी ती थेट शॉप फ्लोअरवर आली. अभियंत्यांच्या दोन पिढ्या या शब्दांत वाढल्या. एकच विचार दोन वाटांनी या शहरात आला आणि दोन्ही वाटा अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत, ही मला आपल्या व्यवस्थापन शिक्षणातली मोठी उणीव वाटते.

कारखान्यातली सकाळची बैठक कशी असते ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी इथून माणसे येतात, कपडे बदलतात आणि पाळी सुरू होण्याच्या वेळेला लाइनच्या टोकाशी एका फळ्यासमोर उभी राहतात. फळ्यावर बहुतेक ठिकाणी एस, क्यू, डी, सी, एम ही अक्षरे असतात: सुरक्षितता, गुणवत्ता, वेळेवर माल, खर्च आणि माणसांचे मनोबल. सुरक्षेची शपथ होते. लाइन लीडर किंवा सुपरवायझर कालचा आकडा सांगतो. किती माल निघाला, किती रिजेक्ट झाला, कोणते मशीन किती वेळ बंद होते, आज कोण आलेले नाही, आज कोणत्या मॉडेलला किती नग. मग ज्याला सांगायचे आहे तो सांगतो. सगळे मिळून पाच-दहा मिनिटे.

या बैठकीची खरी ताकद मात्र ती संपल्यानंतर दिसते. लाइनवर जे सुटत नाही, ते त्यानंतरच्या विभागाच्या बैठकीत जाते, तिथे सुटले नाही तर कारखाना प्रमुखांच्या बैठकीत. चांगल्या कारखान्यात सकाळी सातला ऑपरेटरने सांगितलेली अडचण दहाच्या आत अशा माणसापर्यंत पोहोचते, ज्याला त्यावर खर्च करायचा अधिकार आहे. आणि उत्तर खाली येते: स्पेअर मागवला आहे, तोवर दुसऱ्या डायवर घ्या. टोयोटामध्ये या सकाळच्या बैठकीत आदल्या दिवशीचे सदोष भागच टेबलावर मांडतात. आकडा दुरून दिसतो, भाग हातात घेऊन पाहता येतो. तिथे ‘अँडन’ची दोरीही असते. ओढली की दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि ठरावीक वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. म्हणजे अडचण सांगायला सकाळच्या बैठकीची वाटही पाहावी लागत नाही. सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक चमूंकडे पंधरा मिनिटांची बैठक असते, पण तिच्यापासून वर जाणारा हा जिना नसतो. चौथ्या दिवशीही तोच मुलगा तेच वाक्य बोलतो: ‘टेस्टिंगचा सर्व्हर अजून मिळाला नाही.’ सगळे मान हलवतात आणि पुढच्याची पाळी येते.

गुणवत्ता मंडळांची, म्हणजे क्वालिटी सर्कलची गोष्ट याहून शिकवणारी आहे. काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये जपानमध्ये ही मंडळे सुरू झाली. भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये त्यांची सुरुवात झाली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. एकाच प्रकारचे काम करणारे सहा-आठ कामगार आठवड्यातून तासभर बसतात, आपल्याच कामातला एक त्रास निवडतात, ‘व्हाय-व्हाय’ करत कारणाच्या तळाशी जातात आणि उपाय करून पाहतात. विषय कामगारांनी निवडायचा, हे याचे मर्म. मराठवाड्यातले ऑपरेटर अशा स्पर्धांत मंचावर उभे राहून, मराठीत आणि हिंदीत, माशाच्या काट्याची आकृती दाखवत आपले काम समजावून सांगतात. आयटीआय झालेला, सभेत कधी न बोललेला माणूस आपल्या मशीनबद्दल इतक्या खात्रीने बोलतो की पाहणाऱ्याला आनंद होतो.

पण याच मंडळांची घसरणही अनेक ठिकाणी झाली. स्पर्धेच्या दोन महिने आधी मंडळ जागे होते, इंजिनिअर साहेब सादरीकरण बनवून देतात, बक्षिसाचा फोटो भिंतीवर लागतो आणि वर्षाचे उरलेले महिने रजिस्टरमध्ये मागच्या तारखांच्या सह्या होतात. ग्राहक कंपनीचे ऑडिट असते, गुणवत्ता प्रमाणपत्राचे ऑडिट असते, आणि ऑडिटरला बैठकीचा पुरावा लागतो. एकदा बैठक पुराव्यासाठी व्हायला लागली की तिथे खरी अडचण सांगणे धोक्याचे होते, कारण ती लिहिली जाते आणि पुढच्या ऑडिटमध्ये प्रश्न होऊन परत येते. शिवाय वाळूज-शेंद्र्यात कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे. ज्याला सहा महिन्यांनी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने मंडळात बसून या मशीनचा पुढच्या वर्षीचा विचार का करावा, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनाने द्यायला हवे.

आता बचत गट. माझ्या मते नियमित बैठकीची सर्वांत कसलेली शाळा महाराष्ट्रात कुठे असेल तर ती इथे आहे, आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात तिचे नावही नसते. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ मध्ये स्थापन झाले. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला, तिथून ही चळवळ देशभर पसरली. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियान २०११ पासून आहे. या सगळ्यांचा पाया एकच पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी. पुढे आरोग्य, शिक्षण, उपजीविका अशी सूत्रे जोडून तिची दशसूत्री झाली. पण पहिले सूत्र बैठकच राहिले. आधी बैठक, मग पैसा, हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे.

पैठण किंवा गंगापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात अशा बैठकीला बसावे. बायका गोल बसतात, त्यामुळे पुढची रांग आणि मागची रांग हा भेद राहत नाही. मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचून दाखवतात. हजेरी होते, उशिरा आलेलीला ठरलेला दंड बसतो. मग बचत गोळा होते आणि हप्ते मोजले जातात, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. पैसा उघड्यावर मोजला जातो म्हणून कुजबुजीला जागा राहत नाही. त्यानंतर कर्जाची मागणी. दोघींनी मागितले आणि शिल्लक एकीपुरतीच असेल तर कोणाची गरज आधीची, हे गट ठरवतो: एकीला बियाणे हवे आहे, दुसरीच्या सुनेचे बाळंतपण आहे. स्क्रमच्या पुस्तकात ज्याला कामांचा प्राधान्यक्रम लावणे म्हणतात, ते इथे खऱ्या पैशांवर आणि खऱ्या शेजारणींसमोर होते.

अडचण सांगण्याची रीतही इथे वेगळी आहे. हप्ता चुकला की कारण सांगावे लागते, आणि कारण ऐकणाऱ्या बायकांना तिच्या घरची परिस्थिती आधीच ठाऊक असते. नवऱ्याचे आजारपण असेल तर मुदत मिळते, नुसती टाळाटाळ असेल तर दोघीजणी दुसऱ्या दिवशी घरी जातात. म्हणजे सांगितल्यावर कोणीतरी उठते. मराठवाड्यातल्या ऋतूंशीही या बैठकीला जमवून घ्यावे लागते. पेरणीच्या दिवसांत ती रात्रीच्या जेवणानंतर होते, कापूस वेचणीत वार बदलतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी कारखान्यांकडे निघून जातात तेव्हा गटातल्या चार-पाच जागा काही महिने रिकाम्या राहतात, आणि अनेक गट नेमके तिथेच मोडतात. जे टिकतात त्यांनी हप्ता कोणाकडे द्यायचा, फोनवरून कसे कळवायचे याची आधीच सोय लावलेली असते. दूर राहणाऱ्या चमूची बैठक कशी चालवावी यावर कोरोनाकाळात जगभर लेख लिहिले गेले. ऊसतोडीच्या गावांतल्या गटांना तो प्रश्न त्याच्या फार आधीपासून होता.

दोष इथेही आहेत. हिशेब एकाच शिकलेल्या बाईच्या हातात एकवटतो आणि बाकीच्या अंगठा-सहीपुरत्या उरतात. काही गट केवळ बँकेच्या कर्जासाठी उभे राहतात आणि कर्ज मिळाले की बैठक बंद पडते. तरीही हजारो गट वर्षानुवर्षे कोणत्याही साहेबाच्या धाकाशिवाय बसत राहतात. याचे कारण मला असे दिसते की तिथे होणारा निर्णय बसलेल्यांच्याच पैशांचा असतो, आणि बैठक चुकली तर गटाची पत घसरते. कर्ज देताना बँक गटाच्या बैठका नियमित झाल्या का, हे रजिस्टर उघडून पाहते. इथली नोंद कोणाला दाखवण्यापुरती नाही, तिच्यावर काहीतरी अवलंबून आहे.

ग्रामसभेशी ताडून पाहिले की फरक लख्ख दिसतो. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ असतात. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. मग अनेक गावांत पहिली सभा तहकूब होण्यासाठीच भरते. वाळूजजवळच्या पाटोद्याने मात्र भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात वेगळे करून दाखवले. कर भरणाऱ्याला मोफत दळण, शुद्ध पाण्याची सोय असे निर्णय लोकांना घरात बसून जाणवत होते, म्हणून सभेला यायला कारण होते. कायदा दोन्हीकडे एकच. सभेतून उठताना माणसाच्या हाती काय येते, त्यावर पुढची सभा भरते.

संशोधन काय सांगते? थोडे, पण उपयोगाचे. १९९९ मध्ये ॲलन ब्लूडॉर्न आणि सहकाऱ्यांनी पाच-पाच जणांच्या १११ गटांना एकच प्रश्न दिला. काही गट उभ्याने, म्हणजे खुर्च्यांशिवाय चर्चा करत होते, काही खुर्च्यांवर बसून. बसलेल्या गटांनी सुमारे ३४ टक्के अधिक वेळ घेतला आणि निर्णयांचा दर्जा सारखाच राहिला. उभे राहण्याने वेळ वाचतो, एवढे यातून कळते. शहाणपण वाढते असे नाही. नॉर्वेतल्या विक्टोरिया स्ट्रे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नॉर्वे, पोलंड, ब्रिटन आणि मलेशियातल्या सॉफ्टवेअर चमूंच्या रोजच्या बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडचणींवर बोलणे आणि एकमेकांचे काम कळणे हे लोकांना आवडत होते. वरिष्ठाला अहवाल देण्याचे रूप बैठकीला आले किंवा ती लांबली, की तीच माणसे नाराज होत होती. तिसरे काम एमी एडमंडसन यांचे, १९९९ चे. एका उत्पादक कंपनीतल्या ५१ चमूंत त्यांना दिसले की जिथे चूक कबूल केल्यावर अपमान होणार नाही याची खात्री असते, तिथे चमू शिकतो आणि काम सुधारते. म्हणजे हा निष्कर्षही एका कारखान्यातूनच निघालेला आहे.

स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिकाही हळूहळू याच दिशेने सरकली. ‘काल काय केले, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न जगभर इतके पाठ झाले की लोक ते पाढ्यासारखे म्हणू लागले. २०२० च्या आवृत्तीत ते वगळले गेले. पंधरा मिनिटे काम करणाऱ्यांची आहेत आणि ती कशी वापरायची ते त्यांनीच ठरवावे, एवढेच तिथे उरले आहे. आपल्याकडच्या किती प्रशिक्षण वर्गांनी ही दुरुस्ती शिकवायला घेतली, असा प्रश्न मला पडतो. वेळेची मर्यादाही त्यात स्पष्ट आहे. महिन्याच्या चक्राला नियोजन जास्तीत जास्त ८ तास, कामाचे दर्शन ४ तास, रेट्रो ३ तास, आणि रोजची १५ मिनिटे. सगळे पुरेपूर वापरले तरी महिन्यात सुमारे २० तास होतात, म्हणजे कामाच्या वेळेचा साधारण आठवा हिस्सा. बैठकांतच दिवस जातो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी एकदा हा हिशेब मांडून पाहावा. जास्तीचे तास बहुतेक या चार बैठकांच्या बाहेरचे निघतील: क्लायंटचा रात्रीचा कॉल, त्याच्या तयारीचा कॉल, आणि त्या कॉलमध्ये काय झाले ते सांगणारा कॉल.

शहरातल्या सर्वांना जवळचे असे बैठकांचे आणखी एक उदाहरण आहे, पाण्याचे. जायकवाडीहून शहरापर्यंत सुमारे ३९ किलोमीटर लांबीची, २,५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी टाकणाऱ्या १,६८० कोटींच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. पुढे खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. अनेक वसाहतींत आठवड्याने पाणी येत असताना या कामाच्या आढावा बैठका महापालिकेत झाल्या, विभागीय आयुक्तालयात झाल्या, मंत्र्यांसमोर झाल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही जनहित याचिकेत कामाचा पाठपुरावा केला. न्यायालयाच्या पाठपुराव्याचे मोल मी कमी मानत नाही. त्याच्याशिवाय हा विषय कधीच मागे पडला असता. पण पैठण रस्त्यावर जलवाहिनीचे काम आणि राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण एकाच पट्ट्यात आले तेव्हा दोन यंत्रणांचे वेगवेगळे नकाशे समोरासमोर आले. प्रत्येक यंत्रणेची स्वतःची आढावा बैठक होती. दोघांच्या साइट इंजिनिअरांनी रोज सकाळी रस्त्यावर उभे राहून दहा मिनिटे बोलावे, अशी बैठक कोणाच्याच वेळापत्रकात ठळक नव्हती. वरून घेतलेला आढावा उशीर मोजू शकतो. उशीर टळतो तो खड्ड्याशेजारी.

आता भाषेबद्दल, कारण या विषयावरच्या चर्चेत ती क्वचितच येते. लाइनवरची बैठक मराठीत आणि शहराच्या दख्खनी वळणाच्या हिंदीत होते. बचत गटाची बैठक त्या गावच्या बोलीत होते. सॉफ्टवेअरमधली बैठक इंग्रजीत होते, मग चमूतले सातही जण मराठवाड्यातलेच का असेनात. कन्नड किंवा वैजापूरहून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला तिचा प्रश्न नेमका कळलेला असतो. तो इंग्रजीत मांडायला चार वाक्ये लागतील आणि सगळे ऐकत आहेत, म्हणून ती म्हणते, ‘सर, चालू आहे, उद्यापर्यंत होईल.’ उद्या ते होत नाही. चमूच्या आतली रोजची बैठक लोकांच्या बोलण्याच्या भाषेत घ्यावी आणि लेखी नोंद इंग्रजीत ठेवावी, एवढा बदल करायला कोणाची परवानगी लागत नाही. परदेशी क्लायंट रोजच्या बैठकीत बसत असेल तर तीच बैठक दोन भागांत करावी. क्लायंटसमोर कोणीही आपली अडचण मोकळेपणाने मांडत नाही, भाषा कोणतीही असो.

ॲजाइलच्या चारही बैठकांत सर्वांत आधी बळी जातो तो रेट्रोचा. काम मागे पडले की ‘या वेळी रेट्रो राहू द्या’ असे ठरते, म्हणजे ज्या पंधरवड्यात सर्वाधिक शिकायला मिळाले असते तोच न बोलता निघून जातो. झालीच तर तिथे तीच तीन वाक्ये येतात आणि त्यातून ठरलेले पुढच्या वेळी कोणी वाचत नाही. बचत गटात मागचे इतिवृत्त वाचल्याशिवाय नवा विषय सुरू होत नाही. कारखान्यात सुधारणा झाली की तिचा एक पानाचा धडा, ‘वन पॉइंट लेसन’, त्या मशीनवरच लावतात, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसालाही तो दिसतो. या दोन सवयी सॉफ्टवेअरच्या चमूंनी जशाच्या तशा उचलाव्यात. मागच्या रेट्रोत ठरलेली एकच गोष्ट आधी वाचायची आणि झाली की नाही ते सांगायचे. एकच ठरवायची म्हणजे ती होते.

उलट दिशेनेही घेण्यासारखे आहे. कारखान्याची सकाळची बैठक कालच्या आणि आजच्या आकड्यात उत्तम चालते, पण ‘हे काम मुळात करायला हवे का’ असा प्रश्न तिथे बसत नाही. ॲजाइलमध्ये दर दोन आठवड्यांनी अर्धवट का होईना पण चालणारी वस्तू वापरणाऱ्यासमोर ठेवतात आणि त्याचे ऐकून पुढची योजना बदलतात. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराची बीएस-६ मानके आली तेव्हा वाहनांच्या सुट्या भागांत मोठे बदल झाले, पाठोपाठ विजेवरच्या दुचाकी आल्या. लहान पुरवठादाराला वर्षभराचे ड्रॉइंग हातात धरून चालणे कठीण होत चालले आहे. ॲल्युमिनियमचे ओतकाम करणाऱ्या एन्ड्युरन्सने २०२२ मध्ये बॅटरी-व्यवस्थापनाची इलेक्ट्रॉनिक प्रणाली बनवणाऱ्या मॅक्सवेल एनर्जी सिस्टिम्समध्ये मोठा हिस्सा घेतला. डाय आणि कोड या दोन्हींची माणसे आता एकाच उद्योगसमूहात आहेत. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने बिडकीनच्या परिसरात सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, एथर एनर्जीनेही बिडकीनची निवड केली. तिथे कामाला लागणाऱ्या मुलामुलींना दोन्ही प्रकारच्या बैठका चालवता यायला हव्यात.

तयारी महाविद्यालयातच सुरू करता येईल. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोन सत्रे चालतो. गाइडची डायरीत सही हवी असते आणि ती अनेकदा सत्राच्या शेवटी एका बैठकीत दहा तारखांवर होते. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी चालणारी वस्तू दाखवणे सक्तीचे करावे आणि गुणांतला एक भाग त्याला द्यावा. दुसरे काम सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजकांच्या संघटना आणि मराठवाडा ऑटो क्लस्टर यांना सहज जमण्यासारखे आहे. लाइन सुपरवायझर, सॉफ्टवेअर चमूंचे प्रमुख आणि बचत गटांच्या सचिव यांना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसवावे, तासाभरासाठी, भाषणांशिवाय. विषयही एकच ठेवावा: गेल्या महिन्यात आपल्याकडे अडकलेले एक काम, ते अडकले आहे हे सर्वांत आधी कोणाला कळले होते, आणि बैठकीत ते पहिल्यांदा कितव्या दिवशी बोलले गेले.